गुणांमागची उत्तरे

ऑनलाइन चाचणीत विद्यार्थ्याने एखाद्या पर्यायावर बोट टेकवले की चार गोष्टींची नोंद व्हावी लागते: विद्यार्थी कोण, प्रश्न कोणता, उत्तर काय आणि वेळ कोणती. दहापैकी सात हा आकडा त्यानंतरचा. तो या नोंदींवरून केलेली बेरीज असतो. बेरीज हवी तेव्हा पुन्हा मांडता येते. न साठवलेले उत्तर मात्र कायमचे जाते. म्हणून ई-शिक्षणाचा डेटाबेस चांगला की वाईट, हे ठरवताना पहिला प्रश्न एकच विचारावा लागतो: त्यात मुलाचे उत्तर शिल्लक राहते, की फक्त गुण?

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या नऊ तालुक्यांत वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे. मध्ये खाड्या आहेत, डोंगर आहेत. लहान पटाच्या शाळांत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता एकत्र सांभाळतात. अशा शिक्षकाला प्रत्येक मुलाची चूक स्वतंत्रपणे निरखायला दिवस पुरत नाही. नीट साठवलेल्या उत्तरांचा उपयोग सर्वांत जास्त त्यालाच होतो.

नोंदवहीपासून तक्त्यापर्यंत

शाळेच्या कपाटात पूर्वीपासून एक डेटाबेस आहेच. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव दाखल होते आणि त्याला क्रमांक मिळतो. हजेरीपत्रक, गुणांची नोंदवही आणि निकालपत्रक ही सगळी त्या नावाभोवती फिरतात. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक व संकलित अशा दोन्ही प्रकारच्या नोंदी ठेवणे शिक्षकाच्या कामाचा भाग झाला. या व्यवस्थेत निकालपत्रक वर्षानुवर्षे टिकते, उत्तरपत्रिका मात्र ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जाते. आकडा उरतो आणि तो कशावरून आला ते पुसले जाते.

संगणकावरील तक्त्यांच्या डेटाबेसचा पाया १९७० मध्ये घातला गेला. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी त्या वर्षी माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. आडव्या ओळी, उभे रकाने आणि प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख. प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि इतर ठिकाणी तिचा फक्त क्रमांक द्यायचा, हा या मांडणीचा गाभा. मुलाचे आडनाव दुरुस्त करायचे झाले तर ते एका ओळीत दुरुस्त होते. त्याच्या तीनशे उत्तरांना हात लावावा लागत नाही. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल ही आज शाळा-महाविद्यालयांच्या सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर याच कल्पनेवर उभी आहेत.

पाच तक्ते

इयत्ता तिसरीची वजाबाकीवरची दहा प्रश्नांची चाचणी उदाहरणादाखल घेता येईल. तिच्यासाठी किमान पाच तक्ते लागतात. पहिला विद्यार्थ्यांचा. दुसरा प्रश्नांचा; त्यात प्रश्नाचा मजकूर, पर्याय, बरोबर उत्तर आणि तो प्रश्न कोणती अध्ययन निष्पत्ती तपासतो, हे असते. तिसरा चाचण्यांचा, त्यात चाचणीचे नाव, वेळमर्यादा आणि किती वेळा देण्याची मुभा आहे, याची नोंद असते. चौथा प्रयत्नांचा, एका विद्यार्थ्याने एक चाचणी एकदा दिली की त्यात एक ओळ वाढते. पाचवा उत्तरांचा, एका प्रयत्नातील एका प्रश्नाच्या उत्तराला एक ओळ. एकच प्रश्न अनेक चाचण्यांत वापरायचा असेल, तर प्रश्न आणि चाचणी यांना जोडणारा आणखी एक छोटा तक्ता मध्ये येतो.

यातला पाचवा तक्ता सर्वांत मोठा आणि सर्वांत मोलाचा. ५२ वजा २७ या प्रश्नाचे उत्तर २५. एका मुलाने ३५ निवडले आणि दुसऱ्याने ७९. गुणांच्या रकान्यात दोघांनाही शून्य. उत्तरांच्या तक्त्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. ७९ म्हणणाऱ्याने वजाबाकीऐवजी बेरीज केली आहे. कदाचित त्याने चिन्ह नीट पाहिले नसेल. ३५ म्हणणाऱ्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दशक सुटा करायचा असतो हे त्याला उमगलेले नाही. ७९ म्हणणाऱ्याला लक्ष देण्याची आठवण पुरते, ३५ म्हणणाऱ्याला धडा पुन्हा शिकवावा लागतो. फक्त शून्य साठवणारा डेटाबेस हा फरक मिटवून टाकतो.

तपशील साठवायला जागा फार लागते, असा एक समज आहे. हिशेब केला तर तो टिकत नाही. ४० मुले, वर्षाला ३० चाचण्या, प्रत्येकी १० प्रश्न, म्हणजे १२,००० ओळी. एका ओळीला शंभर बाइट धरले तरी वर्षभराची उत्तरे १.२ मेगाबाइटमध्ये मावतात. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला साधारण याहून जास्त जागा लागते. एक लाख मुले धरली तर ओळी तीन कोटी होतात आणि जागा तीन गिगाबाइट लागते. तेवढी जागा खिशातल्या पेन ड्राइव्हवरही असते.

प्रश्नाची आवृत्ती जपणेही तितकेच गरजेचे आहे. चाचणी झाल्यावर कोणी प्रश्नातील आकडे बदलले आणि जुनी उत्तरे नव्या प्रश्नाला चिकटली, तर बरोबर उत्तर चूक ठरते. म्हणून जुना प्रश्न खोडायचा नसतो. नवी ओळ घालून तिला पुढचा आवृत्ती-क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक उत्तर त्या त्या आवृत्तीशी जोडलेले ठेवायचे.

आणखी एक नियम व्यवहाराचा. डेटाबेसच्या भाषेत व्यवहार म्हणजे एकत्र पूर्ण होणारी किंवा एकत्र रद्द होणारी कृती. प्रयत्न संपल्याची नोंद झाली आणि शेवटची तीन उत्तरे लिहिताना वीज गेली, तर अर्धवट निकाल उरता कामा नये. जे साठवायचे ते पूर्ण साठवले जावे, नाहीतर काहीच बदलू नये. शिवाय प्रत्येक उत्तर देताक्षणी साठवले जावे. ‘सबमिट’ दाबेपर्यंत सगळी उत्तरे पडद्यावरच ठेवणारी रचना भारनियमनाच्या गावात मुलांची मेहनत वाया घालवते.

मूल कोण, याची खूण

निकाल कोणाचा, हे नावावरून ठरवता येत नाही. एकाच वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरे असतात. नाव आणि वडिलांचे नावही जुळते. रोमन लिपीत तेच आडनाव कोणी एक प्रकारे लिहितो, कोणी दुसऱ्या. म्हणून विद्यार्थ्याला न बदलणारा क्रमांक लागतो. तांत्रिक भाषेत त्याला प्रायमरी की म्हणतात.

महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ या प्रणालीत विद्यार्थ्यांची राज्यव्यापी नोंद होऊ लागली. शाळेची ओळख अकरा अंकी यू-डायस क्रमांकाने पटते. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तालुका, गाव आणि शाळा. महाराष्ट्राचा अंक २७, रत्नागिरीचा ३२; म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक शाळेचा क्रमांक २७३२ ने सुरू होतो. आता ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांकही विद्यार्थ्याला दिला जातो. शाळा बदलली, गाव सोडून मूल मुंबईला गेले, तरी खूण तीच राहते. कोकणातून मुंबईला होणारे स्थलांतर पाहता या सातत्याची किंमत मोठी आहे.

कागदाने ओळख पटवता न आल्याचा एक जुना प्रसंग याच जिल्ह्यातला आहे. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे किशोरवयात परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तेथे त्यांचे वय दिसण्यावरून कमी ठरवण्यात आले आणि त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे महर्षी आणि भारतरत्न झालेल्या या माणसाची ती पायपीट एका नजरेच्या अंदाजाने फुकट गेली. विद्यार्थ्याची पक्की आणि सर्वमान्य नोंद ही त्याला न्याय मिळण्याची पहिली पायरी असते.

अलीकडचा धडा २०१७ चा. रत्नागिरीतील बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्या वर्षी विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम लागू केली. निकाल महिनोन्महिने लांबले, काही उत्तरपत्रिकांचा शोध लागेना, आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. उत्तर आणि विद्यार्थी यांना जोडणारा धागा लाखो ठिकाणी एकाच वेळी गुंफायचा असेल, तर तो आधी लहान प्रमाणावर ताणून पाहावा लागतो, हे त्यातून दिसले.

चालत्या व्यवस्था

ई-शिक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूडल सर्वत्र परिचित आहे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी ते तयार केले. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ मध्ये आली. ते विनामूल्य आणि मुक्तस्रोत असल्याने आपल्याकडील अनेक महाविद्यालयांनीही स्वीकारले. मूडलची रचना वर सांगितलेल्या तत्त्वाचा उत्तम नमुना आहे. चाचणीचे प्रयत्न एका तक्त्यात, अंतिम गुण दुसऱ्यात आणि प्रत्येक प्रश्नावर विद्यार्थ्याने उचललेले प्रत्येक पाऊल तिसऱ्यात. आधी ‘ब’ निवडले, मग बदलून ‘क’ केले, तर दोन्ही पावले वेळेसह नोंदली जातात. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील टिम हंट यांनी प्रश्नांचे हे इंजिन नव्याने लिहिले आणि २०११ च्या २.१ या आवृत्तीत ते आले. प्रश्नांच्या आवृत्त्या जपण्याची सोय २०२२ च्या ४.० मध्ये झाली.

याच्या तुलनेत स्कॉर्म हे ई-शिक्षणाचे जुने मानक हात आखडते घेणारे होते. २००१ च्या स्कॉर्म १.२ मध्ये धडा मध्येच थांबवताना जी स्थिती साठवायची तिला ४,०९६ अक्षरांची मर्यादा होती. पुढे २०१३ मध्ये आलेल्या एक्सएपीआय या मानकाने ‘कोणी, काय केले, कशावर’ अशा लहान वाक्यांत प्रत्येक कृती नोंदवण्याची पद्धत आणली. कल फक्त गुणांकडून पूर्ण नोंदीकडे सरकला, याची ही खूण.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभवही थोडा नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांतील केंद्रांवर पोहोचला. त्यात विद्यार्थी ‘ईआरए’ या प्रणालीवर रोजची सत्रे करतो आणि त्या कामाचे गुण अंतिम ऑनलाइन परीक्षेच्या गुणांत मिळवले जातात. निकाल एका दिवसावर न ठरता वर्गात बसलेल्या दिवसांच्या नोंदींवरही ठरतो, हे लाखो घरांना या अभ्यासक्रमामुळे कळले. २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ हा व्हॉट्सॲपवरचा साप्ताहिक सराव सुरू केला. प्रश्न फोनवर येत, मूल पर्याय पाठवी आणि बरोबर-चूक तिथेच कळे. अलीकडच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या मुले कागदावर देतात आणि शिक्षक त्यांचे गुण चॅटबॉटवरून पुण्यातील विद्या समीक्षा केंद्राकडे पाठवतात.

रेंज नसताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. शेजारच्या मंडणगड आणि दापोली तालुक्यांत विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. महासाथीमुळे वर्ग बंद होते, आणि शिक्षण ज्या फोनवर येणार त्याला चार्जिंगही नव्हते. एरवीच्या पावसाळ्यातही डोंगराआडच्या वाड्यांत रेंजसाठी सड्यावर चढावे लागते. सतत जोडणी गृहीत धरून बनवलेली चाचणी अशा ठिकाणी कोलमडते.

यावरचा उपाय म्हणजे उत्तर आधी फोनमध्येच साठवणे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतोच. चाचणी तेथे लिहिली जाते आणि रेंज मिळाली की सर्व्हरकडे जाते. यात तीन अडचणी येतात. पहिली दुहेरी नोंदीची. पाठवलेली ओळ पोहोचली की नाही हे न कळल्याने फोन ती पुन्हा पाठवतो. म्हणून प्रत्येक उत्तराला फोनवरच १२८ बिटांचा एकमेव क्रमांक दिला जातो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर तो सोडून देतो. दुसरी अडचण घड्याळाची. फोनचे घड्याळ चुकलेले असू शकते, म्हणून फोनवरची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ अशा दोन्ही नोंदवतात. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ ठेवतो आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतो. तिसरी अडचण घरातली. दोन भावंडांत फोन एकच असतो, म्हणून फोन म्हणजे विद्यार्थी असे कधीही धरू नये. चाचणी उघडताना मुलाने स्वतःची ओळख निवडलीच पाहिजे.

देवनागरीचे प्रश्न

मराठी उत्तरे साठवताना लिपी नीट सांभाळावी लागते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हेच. बाइटांच्या हिशेबाने तोकडा ठेवलेला रकाना इंग्रजी शब्दाला पुरतो, पण तेवढ्याच लांबीचा मराठी शब्द त्यात मध्येच तुटतो. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८एमबी४ हा संच निवडला तर सर्व चिन्हे सुरक्षित राहतात.

टंकलेल्या उत्तरांची तुलना अधिक अवघड. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा नुक्ता असलेल्या र ने, एकदा साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटतात. मुलाचे उत्तर बरोबर असूनही त्याला शून्य मिळू शकते. आकड्यांचेही तसेच. देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हे आहेत. म्हणून मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे एका रकान्यात ठेवावे, त्याचे एकसारखे केलेले रूप दुसऱ्या रकान्यात ठेवावे आणि तुलना दुसऱ्याशी करावी. मूळ उत्तर शिल्लक असेल तर तुलनेतील चूक नंतरही सुधारता येते.

उत्तरांचे वाचन

साठवलेली उत्तरे वाचण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली काठिण्य निर्देशांक, म्हणजे किती मुलांना उत्तर आले याचे प्रमाण. ४० पैकी ३० बरोबर, तर ०.७५. दुसरी भेदन निर्देशांक. एकूण गुणांत वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के मुले निवडायची. हे प्रमाण ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवले. ४० मुलांत असे दोन गट अकरा-अकरांचे होतात. वरच्या गटात १० जणांना आणि खालच्या गटात ४ जणांना उत्तर आले, तर फरक ६, भागिले ११, म्हणजे सुमारे ०.५५. असा प्रश्न समज असलेली आणि नसलेली मुले नीट वेगळी करतो.

हा आकडा उणे आला तर गोष्ट गंभीर असते. हुशार मुले चुकतात आणि बाकीच्यांचे उत्तर बरोबर येते, याचा अर्थ बहुधा उत्तरसूचीच चुकली आहे. प्रत्येक उत्तर साठवलेले असेल तर सूची दुरुस्त करून सर्वांचे गुण काही क्षणांत पुन्हा काढता येतात. फक्त गुण ठेवले असतील तर चाचणीच पुन्हा घ्यावी लागते. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. अशा परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरे पाहून आक्षेप नोंदवता येतो, तोही उत्तरे जपलेली असतात म्हणूनच.

कोणी किती पाहावे

इतका तपशील साठवला की तो जपण्याची जबाबदारीही वाढते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. नियमांनी दिलेल्या सवलती वगळता, तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांनाही कायद्याने मज्जाव आहे. निकालाच्या तक्त्यात जात, पालकांचा मोबाइल क्रमांक किंवा आधार क्रमांक असण्याचे काही कारण नाही. वर्गशिक्षकाला वर्गातील उत्तरे दिसावीत, मुख्याध्यापकाला शाळेची. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना नावांशिवायची एकत्रित माहिती पुरते. गुण कोणी, कधी बदलले, याची नोंद वेगळ्या तक्त्यात आपोआप व्हावी आणि ती कोणालाही खोडता येऊ नये.

लहान शाळांत एक सूक्ष्म धोका असतो. तिसरीत तीनच मुले असतील तर त्या वर्गाची सरासरीसुद्धा मुलांची ओळख उघड करते. दोन मुलांचे गुण गावाला ठाऊक असले की तिसऱ्याचे कोणीही काढू शकतो. त्यामुळे पट ठरावीक संख्येपेक्षा कमी असेल तेव्हा वर्गाचा आकडा प्रसिद्ध न करता तो केंद्राच्या आकड्यात मिळवून दाखवावा.

जपणूक

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले आणि पुस्तके भिजली. त्याच दिवशी जगबुडीचे पाणी खेडमध्येही शिरले होते. पूर कागद आणि हार्ड डिस्क यांत भेद करत नाही. डेटाबेसच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक दूर असावी, हा बॅकअपचा प्रचलित नियम आहे. चिपळूणची प्रत खेडला ठेवणे पुरेसे दूर नाही, हे त्या दिवशी दिसले. ती घाटापलीकडे हवी. शिवाय बॅकअप परत उघडून पाहिल्याशिवाय तो आहे असे मानू नये. वर्षातून एकदा तरी, पावसाळ्यापूर्वी, जुनी प्रत नव्या संगणकावर चढवून निकाल जुळतात का ते तपासावे.

किती काळ ठेवायचे, हेही आधीच ठरवावे. अंतिम निकाल कायम राहतो. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आक्षेपाची मुदत संपेपर्यंत आणि मूल तो विषय पुढच्या इयत्तेत पुन्हा शिकेपर्यंत उपयोगी असते. त्यानंतर नाव काढून टाकलेली उत्तरे प्रश्नपेढी सुधारण्यासाठी ठेवता येतात.

पण पहिला उपयोग दुसऱ्याच दिवशीचा असतो. चाचणी संपल्यावर शिक्षकाच्या पडद्यावर एक साधी यादी उमटावी: पस्तीस म्हणणारी मुले कोणती, एकोणऐंशी म्हणणारी कोणती. सकाळी शाळा भरल्यावर पहिल्या गटाला जवळ बसवून काड्यांचा एक गठ्ठा सोडायचा, दहा काड्या मोकळ्या करायच्या आणि बावन्नातून सत्तावीस पुन्हा काढायचे.